मणक्यातली गॅप आणि एमआरआयची फिल्म



देवगडात कलमे मोहोरली आहेत, फवारणीचे दिवस आहेत. पाठीवर पंप घेऊन दिवसभर बागेत फिरलेली आणि बंदरावर मासळीचे क्रेट उचललेली माणसे आज समोर बसली आहेत. कंबर धरते म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी रेडिओलॉजिस्ट आहे. माझा संबंध फिल्मशी येतो, आणि त्या फिल्मवर किती विसंबायचे एवढेच आज बोलणार आहे.

गेल्या वर्षी आंबा संपल्यावर इथलेच एक काका माझ्याकडे आले. वय पन्नास, वर्षभराची कंबरदुखी. तळेऱ्यावरून गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जाऊन त्यांनी एमआरआय केला होता. पिशवीतून फिल्म काढून म्हणाले, ''डॉक्टरानू, मणक्यात गॅप इली आसा. आता झाडार चडाचा नाय मा?'' दोन महिने त्यांनी घमेले उचलले नव्हते, वाकून चप्पलसुद्धा घातली नव्हती.

हा 'गॅप' शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते, आपण तिला गादी म्हणतो. तरुणपणी ती पाण्याने भरलेली असते. वय वाढते तसे पाणी कमी होते, गादी बसते आणि दोन मणक्यांतली जागा कमी होते. म्हणजे गॅप पडत नाही, होती तीच घटते. 'जागा कमी झाली आहे' हे वाक्य दवाखान्यातून घरी येईपर्यंत 'गॅप आली' होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपली पाठ मधून सुटत चालली आहे.

एमआरआय हे पाणीच बघतो. मोठ्या चुंबकात शरीर ठेवायचे, रेडिओ लहरी सोडायच्या आणि पाण्यातल्या हायड्रोजनकडून परत येणारा संदेश टिपायचा. क्ष-किरण नाहीत, चिरफाड नाही. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना याच कामासाठी २००३ चे नोबेल मिळाले. पाण्याने भरलेली चकती एका प्रकारच्या चित्रात पांढरी दिसते आणि सुकलेली काळी. पण वेदनेला रंग नसतो. काळी चकती दुखते आहे की नाही, हे चित्रावरून कळत नाही.

मग ज्यांची कंबर कधी दुखलीच नाही, त्यांच्या चकत्या कशा दिसतात? हा प्रश्न संशोधकांनी विचारला. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ अभ्यास एकत्र केले. त्यांत कंबरदुखी नसलेली ३,११० माणसे होती. विशीतच ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. चकती फुगलेली, म्हणजे अहवालात आम्ही 'डिस्क बल्ज' लिहितो ती, पन्नाशीत ६० टक्क्यांना होती. आमच्या काकांच्या अहवालात हेच दोन शब्द होते. त्यांच्या वयाच्या, ठणठणीत पाठीने चालणाऱ्या निम्म्याहून अधिकांच्या फिल्मवरही ते निघाले असते. केस पिकले म्हणून कोणी डोके दुखते असे म्हणत नाही.

आता आमच्या बाजूचा दोष सांगतो. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंची कंबर तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर स्कॅन केली गेली. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. दहा अहवालांत मिळून ४९ निष्कर्ष, आणि दहाही अहवालांत आलेला निष्कर्ष एकही नाही. पाठ तीच, बाई त्याच. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो, कारण अशाच अहवालांवर मीही वर्षानुवर्षे सही केली आहे.

आणि शब्द मनाला लागतात. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये राजसेकरन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, तो आपल्याच देशातला आहे म्हणूनही. कंबरदुखीच्या ४४ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला अहवालातला प्रत्येक दोष समजावून सांगितला. दुसऱ्याला सांगितले, हे वयाप्रमाणे झालेले बदल आहेत, काळजीचे कारण नाही. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाच्या मनात पाठीविषयी भीती जास्त होती आणि रोजची कामे करण्याची क्षमता कमी होती. काका चप्पल घालायला वाकत नव्हते, ते चकतीमुळे की अहवालामुळे? माझे उत्तर ठाम आहे: अहवालामुळे.

पायात कळ जाणाऱ्यांचे, सायटिकावाल्यांचे काय? तिथेही सावध राहा. नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांचा एक वर्षाने पुन्हा एमआरआय केला. बऱ्या झालेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या फिल्मवर चकती अजून सरकलेलीच होती. बऱ्या न झालेल्यांत ३३ टक्के. बरे कोण आणि आजारी कोण, हे फिल्मवरून ओळखता आले नसते.

बारा आठवड्यांहून जास्त टिकलेल्या साध्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शन दिले. दुखणे समजावून सांगणे आणि व्यायाम यांवर तिथे भर आहे. नेहमीच्या वापरासाठी कमरेचा पट्टा नको, वजन लावून ओढणे नको, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा नसलेले घर सापडणे कठीण, म्हणून हे मुद्दाम सांगतो. काकांनी पट्टा सोडला, सकाळी बंदरापर्यंत चालू लागले, घमेले आधी अर्धे भरून उचलले. या हंगामात ते झाडावर चढले आहेत. कंबर अजून अधूनमधून दुखते, आणि ते चढतात.

एवढे ऐकून एमआरआय निरुपयोगी आहे असे समजून घरी जाऊ नका. मी त्याच यंत्रावर जगतो आणि त्याने वाचलेली माणसे मी पाहिली आहेत. त्याच्यापुढे नेमका प्रश्न ठेवायला हवा, एवढेच. आपल्या देशात पहिला प्रश्न मणक्याच्या क्षयाचा. संध्याकाळचा ताप, उतरणारे वजन, रात्री झोपू न देणारी पाठ, असे असेल तर एमआरआयला उशीर करू नये. एक्स-रेवर काही दिसण्याच्या कितीतरी आधी तो क्षय दाखवतो. पूर्वी कॅन्सर झालेल्या माणसाची नवी पाठदुखीही तशीच. पंचविशीतला मुलगा पहाटे कंबर आखडून उठतो आणि चालल्यावर मोकळा होतो, तर तो सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो. त्याचा एमआरआय कमरेखालच्या सांध्यांचा काढावा लागतो, नुसत्या मणक्यांचा नव्हे. झाडावरून पडलेल्याला आधी एक्स-रे किंवा सीटी लागतो, आणि पायांत शक्ती कमी वाटली तर एमआरआयही. डॉक्टर एमआरआय लिहून देतील तेव्हा विचारा, ''यात काय शोधताय, आणि ते सापडले तर उपचार बदलणार का?'' हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

एक गोष्ट मात्र कोणालाही न विचारता करायची. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत सुटली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासे होऊन पायातली चप्पल निसटू लागली, तर नसांच्या जुडग्यावर दाब आला असण्याची शक्यता आहे. तिथे तास मोजावे लागतात. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. गाडी करा आणि गोव्यातले बांबोळी असो वा कोल्हापूर, त्याच रात्री निघा.