झारा आधी, खड्डा नंतर

आपल्या जोयड्यात तेलही नाही नि वायूही नाही, मग हा विषय कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण बोअरची गाडी आली की राखाडी चिखल शेजाऱ्याच्या खाचरात उतरतो, तो पाहिलात ना? समुद्रात हेच मोठ्या मापाने चालतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईपासून १६० किलोमीटरवर तेल शोधलं, हे पोरंसोरंही सांगतील. त्या भोकातून निघालेल्या दगडाच्या चुऱ्याचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.

मी रिगवर मड सांभाळायचो. मड म्हणजे पाणी, बेंटोनाइट आणि वजनाला बराइट. ते पाइपातून खाली जातं, चुरा घेऊन वर येतं आणि शेकरच्या जाळीवर पडतं. ही जाळी म्हणजे वडे काढायचा झारा. वडा निथळू न देता ताटात टाकला तर ताट तेलकट होतं आणि कढईत नवं तेल ओतावं लागतं. जाळी तुंबली की तस्संच: इकडे ओला कचरा वाढला, तिकडे नवं मड बनवा! बदलायला थोडीच मिनिटं लागतात, पण पहाटे तीनला कोण उठतो? झाऱ्यातून निसटलेल्या बारीक जळक्या चुऱ्याने तेल काळं पडतं. मडातल्या अशा बारीक चुऱ्यासाठी गरगर फिरवून गाळ वेगळा करणारा सेंट्रिफ्यूज असतो, तोही चालू ठेवावा लागतो, नुसता उभा करून भागत नाही.

२००५ च्या सरकारी नियमांनी डिझेलचं मड बंद केलं. तेलकट चुरा समुद्रात सोडायचा तर किलोमागे तेल १० ग्रॅमच्या आत हवं. छान. पण ही झाली ताटातली मोजणी. मी कढईपाशी उभा राहून बोलतोय. पुन्हा सांगतो, कचरा टाकायचा कुठे हे नंतर. आधी तो होतो किती ते बघा. साडेआठ इंची भोकाचा चुरा तेवढ्याच खोलीच्या सव्वाबारा इंचीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. म्हणजे कचऱ्याचा हिशेब विहिरीच्या नकाशावरच सुरू होतो.

जमिनीवरच्या विहिरीला प्लास्टिक अंथरलेला खड्डा असतो. त्यात आपल्यासारखा आषाढ कोसळला की चांगलं पाणीसुद्धा कचरा होतं, म्हणून वरून छप्पर आणि भोवती चर... स्टुडिओच्या काचेतून बाई घड्याळ दाखवताहेत. वापरलेलं मड पुढच्या विहिरीला नेण्याचं सांगायचं राहूनच गेलं. असो. तुमच्याकडे बोअरवाला आला तर चिखलाचा खड्डा आधी खणून घ्या. गाडी लागल्यावर तो ऐकत नाही.