ग्रामसभेचा ठराव आणि कुत्र्यांचा कायदा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मोकाट कुत्र्यांनी गोठ्यातली शेळी फाडली की ग्रामसभा तापते. 'मारून टाका' असा ठराव होतो, सह्या-अंगठे उमटतात. असा ठराव कायद्यापुढे टिकत नाही. का टिकत नाही, ते आज नीट समजून घेऊ.

बिबट्याने शेळी नेली तर वनखात्याकडे भरपाई मागता येते. कुत्रे वन्यप्राणी नाही, तेव्हा ते खाते हात वर करते. पंचायतीकडे जावे, तर तिचे हात दिल्लीने बांधलेले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा संसदेचा १९६० चा कायदा आहे. त्याखालचे नियम २००१ साली आले, २०२३ साली नव्याने आले. कुत्रे धरा, नसबंदी करा, लस टोचा आणि उचलले तिथेच सोडा, असे ते सांगतात. पिसाळल्याचा दाट संशय असलेले कुत्रेसुद्धा मारायचे नाही, ते मरेपर्यंत वेगळे कोंडायचे. नसबंदी केंद्र काढायचे तर प्राणी कल्याण मंडळाची मान्यता हवी. म्हणजे इथेही परवाना आलाच! काम गावाचे, परवाना वरचा, आणि पैशाचे विचारले की सगळे गप्प.

उपद्रवी कुत्री मारण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ साली मान्य केला होता. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 'भीक नको पण कुत्रं आवर' म्हणावे, तर आवरणाराच बेड्यांत.

म्हणून कुणी विष घालण्याच्या भानगडीत पडू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते विष आपल्याच वासराच्या तोंडी लागते.

मात्र एक दार उघडले आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात सांगितले की, पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री पुन्हा सोडू नयेत. त्याच आदेशाने सर्व राज्यांना प्रकरणात ओढले. पण आक्रमक कोणते हे ठरवायचे कुणी आणि कोंडायचे कुठे? आमच्या तालुक्यांत माणसांच्या दवाखान्यात लस मिळायची मारामार, तिथे कुत्र्यांचे कोंडवाडे कोण बांधणार?

तेव्हा ठरावात 'मारा' हा शब्द नको. चावलेल्या माणसांची आणि फाडलेल्या जनावरांची तारीखवार यादी जोडा. तालुक्याला नसबंदी केंद्र, आक्रमक कुत्र्यांसाठी कोंडवाडा आणि आरोग्य केंद्रात लस, एवढे लेखी मागा. ठरावाची प्रत जिल्हा परिषदेला द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.