परदेशातला विद्यार्थी आणि बिनतारी जाळे



तेल्हारा, हिवरखेड, अकोट या भागातील शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी शिकावयास परदेशी जाते, यात आता पूर्वीइतके नवल राहिलेले नाही. शंभर वर्षांपूर्वी ते होते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख शिकण्यासाठी एडिंबरो आणि ऑक्सफर्डला गेले, तेव्हा साऱ्या वऱ्हाडात ती बोलण्याची गोष्ट झाली. त्यांच्याही आधी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. अमेरिकेस पोचावयास त्यांना जवळजवळ दोन महिने लागले. पुढची तीन वर्षे घरची खुशाली कळावयाची ती पत्राने, आणि त्या पत्रासही समुद्र ओलांडावा लागे. घरी माणूस आजारी पडल्याचे परदेशी कळेपर्यंत तो माणूस एकतर उठून कामाला लागलेला असे, नाहीतर गेलेला असे.

आज तसे नाही. आज मुलगा जर्मनीत खोलीचे दार उघडतो, पाठपिशवीतून लॅपटॉप काढतो, आणि इकडे ओसरीवर बसलेल्या आईला तो समोर दिसतो. पण या दोन टोकांच्या मध्ये एक गोष्ट असावी लागते. ती म्हणजे इंटरनेटचे बिनतारी जाळे, ज्याला आपण सर्वजण वाय-फाय म्हणतो. परक्या देशात उतरल्याबरोबर अन्न आणि निवारा यांच्या पाठोपाठ विद्यार्थी जर काही शोधत असेल, तर हेच. म्हणून त्याविषयी चार कामाच्या गोष्टी आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम हे जाळे आहे तरी काय, ते पाहू. तुम्ही हे भाषण ज्या लहरींवर ऐकता, त्यांचीच ही धाकटी भावंडे. ज्या मध्यम लहरींवर आपल्या वडीलधाऱ्यांनी नागपूर केंद्र ऐकले, त्या शेकडो मीटर लांबीच्या होत्या. एफ.एम.ची लहर साधारण तीन मीटरांची असते. वाय-फायची लहर मात्र अवघी वीतभरही नाही. एका प्रकारची सुमारे बारा सेंटिमीटर, दुसऱ्या प्रकारची सहा सेंटिमीटरांच्या आसपास. अशा आखूड लहरींचे काम आपल्याच देशात फार लवकर झाले होते. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे ठेवलेली घंटा तारेवाचून वाजवून दाखविली. पुढे १९७१ मध्ये हवाई बेटांवरील विद्यापीठाने निरनिराळ्या बेटांवरची यंत्रे रेडिओने एका संगणकाशी जोडली. लॅपटॉपच्या वाय-फायचा सर्वमान्य नियम १९९७ मध्ये ठरला, आणि वाय-फाय हे नाव १९९९ पासून रूढ झाले. आपल्या देशात त्यासाठी लागणारा मुख्य लहरपट्टा २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाला, तेव्हाच घरोघर हे यंत्र ठेवण्याची वाट मोकळी झाली.

एवढे सांगण्याचे कारण असे की, लहर कळली म्हणजे तिचा स्वभाव कळतो. ही लहर घरात दहा-वीस मीटरांवर थकते. जाड भिंत, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी तिला अडवितात. तेव्हा परदेशातल्या खोलीत जाळे मंद वाटले, तर आधी लॅपटॉप उचलून दाराजवळ न्यावा. पुष्कळ वसतिगृहांत भिंतीला तारेची खोबणही असते. तिथे साधी तार जोडली की बिनतारीपेक्षा भरवशाचे काम होते. परीक्षेच्या दिवशी ही जुनी तारच उपयोगी पडते.

लॅपटॉपच्या पडद्यावर आसपासच्या जाळ्यांची यादी उमटते. नावे पंधरा-वीस, पण उपयोगाचे एखादेच. आपल्या तालुक्यातील खारपाणपट्ट्याच्या लोकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. विहिरीत पाणी दिसते, हंडा भरतो, पण घोटभर पिता येत नाही. तसेच हे. बहुतेक नावांपुढे कुलपाचे चिन्ह असते. ती जाळी खाजगी, त्यांचा परवलीचा शब्द मालकाजवळ. उरली कुलूप नसलेली. त्यांतली काही खरी, काही फसवी. स्टेशनावर किंवा विमानतळावर अधिकृत जाळ्याच्या नावासारखेच नाव देऊन कुणी लबाड माणूस आपले जाळे पसरून बसू शकतो. म्हणून नावाची खात्री तिथल्या फलकावरून किंवा कर्मचाऱ्यास विचारून करून घ्यावी. विचारण्यात कमीपणा नाही. नव्या गावी विहिरीचे पाणी कसे आहे हे आपण विचारतोच ना?

मग खरे जाळे शोधावे कुठे? विद्यार्थ्यासाठी पहिले ठिकाण म्हणजे त्याचे विद्यापीठ. २००२ मध्ये नेदरलँड्समधील क्लास विरेंगा यांनी एक कल्पना मांडली. एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावरही आपल्याच नावाने आणि परवलीच्या शब्दाने जाळे मिळावे, ही ती कल्पना. तिलाच एज्युरोम म्हणतात. आज शंभराहून अधिक देशांत ती चालते, आपल्या देशातही चालते. तिची रीत सोपी आहे. तुम्ही पाहुण्या विद्यापीठात नाव टाकले की, ते यंत्र तुमच्या स्वतःच्या विद्यापीठास विचारते, "हा तुमचाच का?" तिकडून "होय" असे उत्तर आले की दार उघडते. सोयरिकीत आपण गावची ओळख काढतो ना, तसलाच हा प्रकार. मात्र ही जुळणी पहिल्या आठवड्यातच, आपल्या विद्यापीठाच्या आवारात, तिथल्या माणसाच्या मदतीने करून घ्यावी.

दुसरे ठिकाण सार्वजनिक ग्रंथालय. इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथालयांत बहुधा मोफत वाय-फाय असते, बसावयास ऊबदार जागा असते, आणि चहा विकत घेण्याची सक्ती नसते. गरीब विद्यार्थ्यास यासारखा आश्रय नाही. तिसरे ठिकाण उपाहारगृहे. जर्मनीत मात्र बरीच वर्षे अशी मोफत जाळी कमी दिसत. कारण कायद्याचे होते. जाळ्याचा पाहुणा काही गैर करील तर यजमानावर बालंट येई. २०१७ मध्ये तिथला कायदा बदलला आणि यजमानाचा धोका पुष्कळ कमी झाला.

याच ओघात एक इशारा देतो. आपल्याकडे फुकट सिनेमा उतरवून घेणे कुणी मनावर घेत नाही. जर्मनीत मात्र चोरवाटेने सिनेमा उतरविणाऱ्याच्या पत्त्यावर वकिलाचे पत्र येते, आणि त्यात शेकडो युरोंची मागणी असते. नव्याने गेलेले विद्यार्थी यात सापडतात. बापाने कर्ज काढून पाठविलेला पैसा एका सिनेमापायी जावा, ही गोष्ट शोभणारी नाही.

उघड्या जाळ्यावर वर्तमानपत्र वाचावे, रस्ता पाहावा, घरी बोलावे. बँकेचा व्यवहार शक्यतो करू नये. तो स्वतःच्या मोबाइलच्या जाळ्यावर करावा. मोबाइलवरून लॅपटॉपला इंटरनेट देता येते, हे आता आपल्या पोरांना ठाऊकच आहे. आणि बँकेचे नाव निघाले म्हणून आणखी एक. आपल्या बँकेचा एकवेळचा परवलीचा आकडा भारतातल्या मोबाइल क्रमांकावर येतो. परदेशी गेल्यावर ते सिमकार्ड बंद पडले, तर खात्यात पैसे असून हाती पडत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी बँकेत जाऊन क्रमांकाची व्यवस्था विचारावी, आणि सिमकार्ड चालू ठेवण्याचे काम घरातल्या एका माणसाने अंगावर घ्यावे.

विजेचेही पाहावे. जर्मनीत आपल्यासारखाच २३० व्होल्टचा दाब आहे, अमेरिकेत १२० व्होल्टचा. लॅपटॉपच्या चार्जरच्या ठोकळ्यावर १०० ते २४० असे छापलेले असेल, तर दोन्हीकडे चालेल. बदलावी लागते ती फक्त टोकाची पिन. ती इथूनच घेऊन जावी.

आता इकडच्या टोकाविषयी. तेल्हाऱ्यास रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे साडेचार, उन्हाळ्यात साडेपाच झालेले असतात. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा. ते लोक वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकवितात म्हणून हा फरक. हे घरच्यांनी भिंतीवर लिहून ठेवावे. म्हणजे मुलगी वर्गात बसली असताना आई "पोट्टी फोन काहून उचलत नाही?" म्हणून जीव टांगून बसणार नाही.

इकडेही जाळे हवेच. आपल्या शेजारच्या मेळघाटातील हरिसाल हे गाव २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजले, आणि पुढे २०१९ मध्ये त्याविषयी वादही झाला. त्या वादात कुणाची बाजू घेण्याचे येथे कारण नाही. पण एवढे खरे की, जाळ्याचे उद्घाटन एका दिवसाचे असते आणि त्याची निगा रोजची असते. वीज, दुरुस्ती आणि ते वापरणारी शिकलेली माणसे ही तिन्ही लागतात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकानदारासही परवान्यावाचून लोकांना वाय-फाय पुरविता येते. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी तिची माहिती करून घेण्याजोगी आहे.

शिक्षक मित्रांनो, यापुढचे तुमच्याकडे मागणे आहे. लॅपटॉप ही मिरविण्याची वस्तू नाही, ती आजची पाटी आहे. दहावी-बारावीच्या मुलास चार गोष्टी शिकवा. युनिकोड देवनागरीत मराठी टंकलेखन, नीट मायन्याचे विनंतीपत्र ईमेलने लिहिणे, आपल्या कागदपत्रांची प्रत काढून दोन जागी जपून ठेवणे, आणि परवलीचा शब्द कुणालाही न सांगणे. शिष्यवृत्तीचे अर्ज आता असेच भरावे लागतात. गुण चांगले असूनही केवळ अर्ज भरता न आल्यामुळे खेड्यातले मूल मागे राहिले, तर त्या मुलास नशिबाचे नाव सांगून समजूत घालता येणार नाही.

शेवटी, यंत्राने होत नाही असे एक काम सांगतो. लॅपटॉपचा डोळा फक्त चेहरा दाखवितो. मुलगा हसतो, पण दोन दिवस पावावरच काढले आहेत हे तो सांगत नाही. बाप म्हणतो "सारं बेस आहे बाप्पा", पण बोंडअळीने कपाशी गेली, घरच्या म्हातारीस अकोल्याच्या दवाखान्यात ठेवले आहे, हे तोही सांगत नाही. दोघे एकमेकांस जपतात, आणि जपता जपता एकमेकांपासून दूर जातात. आनंदीबाईंच्या काळी बातमीला समुद्र आड येई. आज बातमी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोचते, पण आपणच तिला ओसरीवर अडवून धरतो. पोराच्या जिवास घोर नको हे खरे. तथापि पुढे एकदम कळले म्हणजे त्याला बसणारा धक्का अधिक मोठा, आणि "मला परका मानले" हे शल्य त्याहून मोठे. म्हणून निघण्याआधीच घरात बसून बोली करावी की, आजार, पैसा आणि परीक्षेतले अपयश या तीन गोष्टी कोणीही कोणापासून लपवावयाच्या नाहीत.

आणि विद्यार्थ्याने रोज रात्रभर गावाशीच बोलत बसू नये. आठवड्यातून ठरलेले दोन-तीन वार पुरेत. उरलेल्या संध्याकाळी लॅपटॉप मिटून बाहेर पडावे, तिथल्या लोकांची भाषा कानावर घ्यावी, शेजाऱ्याशी ओळख करावी. भाऊसाहेब देशमुख परदेशातून विद्या घेऊन परतले आणि इथल्या शेतकऱ्याच्या मुलांच्या शिक्षणास लागले. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ आज अकोल्यास उभे आहे. परदेशी गेलेल्या प्रत्येकाने परत यावेच असा आग्रह मी धरणार नाही. पण तिथे जे पाहिले, शिकले, ते गावच्या शाळेतल्या मुलांस महिन्यातून एकदा, तासभर, याच बिनतारी जाळ्यावरून सांगणे कोणासही अवघड नाही. शिक्षकांनी तेवढी वेळ ठरवावी आणि आपल्या माजी विद्यार्थ्यास हक्काने बोलवावे.