खाते कोणाचे, किल्ली कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कोणा तरी जाणत्या बाईंचे भाषण ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे काही माझ्या तोंडून ऐकायला मिळेल अशी अपेक्षा धरू नका. परंतु घरातल्या आणि आळीतल्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात नेण्याआणण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या निमित्ताने एक गोष्ट मी अगदी जवळून पाहिली. ती आपणा सर्वांच्या उपयोगाची आहे, म्हणून तीच सांगते.

पूर्वी डॉक्टरांकडे जायचे म्हणजे सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा. कंपाउंडर वहीत नाव लिही, आणि आपण बाकावर बसून राहायचे. आता पुष्कळ ठिकाणी घरूनच वेबसाईटवर वेळ ठरवता येते. मोठ्या सरकारी रुग्णालयांसाठी तशी सोय केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केली. खाजगी दवाखाने, रक्त तपासणाऱ्या लॅबोरेटऱ्या, पासपोर्टचे ऑफिस, एवढेच काय, ब्यूटी पार्लरदेखील हल्ली असेच नंबर देतात. सोय चांगलीच आहे. उन्हातान्हात रांगेत उभे राहणे वाचते. पण या सोयीच्या पोटात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत आणि आपण बायका त्या एकच समजून चालतो. घोटाळा होतो तो तेथेच.

पहिली वस्तू म्हणजे खाते. आपण दवाखान्यात प्रथम जातो तेव्हा खिडकीवरची मुलगी आपले नाव, जन्मतारीख, पत्ता लिहून घेते आणि एक नंबर देते. पुढे त्या नंबराखाली आपली आजारपणे, तपासण्या, कोणते औषध सोसत नाही ही सारी माहिती जमा होत जाते. दुसरी वस्तू म्हणजे लॉगिन. वेबसाईट उघडली की ती मोबाईलचा नंबर किंवा ईमेल विचारते, मग पासवर्ड मागते किंवा फोनवर ओटीपीचे आकडे धाडते. खाते हे कपाट समजा आणि लॉगिन ही त्याची किल्ली समजा. कपाट दवाखान्यात असते, किल्ली आपल्या घरी असते. आता या किल्लीने कोणते कपाट उघडायचे, हे कोणीतरी एकदा ठरवून द्यावे लागते. यालाच खात्याला लॉगिन जोडणे म्हणतात. ही जोडणी नीट झाली तर सारे सुरळीत. नाही झाली तर किल्ली हातात असून कपाट बंद, किंवा दुसऱ्याचेच कपाट उघडे!

तुम्ही म्हणाल, हे आम्हांला कशाला? पण भगिनींनो, हे काम तुम्ही सर्वांनी एकदा केलेले आहे. आठवा बरे ते कोरोनाच्या लसीचे दिवस. १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात लस द्यायला सुरुवात झाली आणि १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सर्वांना ती खुली झाली. त्यासाठी कोविन नावाच्या वेबसाईटवर नाव घालायचे होते. तेथे लॉगिन एका मोबाईल नंबरावर होत असे आणि त्या एका नंबराखाली घरातल्या चार माणसांची नावे घालता येत. पुढे जानेवारी २०२२ मध्ये चाराची सहा झाली. म्हणजे किल्ली एक, पण कप्पे चार किंवा सहा. प्रत्येक माणसाचे ओळखपत्र वेगळे, संदर्भ क्रमांक वेगळा, सर्टिफिकेटही वेगळे. योजना शहाणपणाची होती, कारण आपल्या घरांत दरडोई फोन नसतो हे करणाऱ्यांनी ओळखले होते.

परंतु त्यातही गंमत झाली. कोणी पहिल्या डोसाचे नाव नवऱ्याच्या फोनवरून घातले आणि दुसऱ्या वेळी मुलाच्या फोनवरून. कोणी पहिल्या वेळी आधारकार्ड दाखवले, दुसऱ्या वेळी पॅनकार्ड. वेबसाईटला कसे कळावे की ही बाई तीच? तिने दुसरे खाते उघडले. बाईने दोन्ही डोस घेतलेले, पण कागदावर दोन्ही वेळा पहिलाच डोस! अशा लोकांसाठी ती दोन पहिली सर्टिफिकेटे एकत्र करण्याची सोय पुढे कोविनवर करावी लागली. यात लबाडी कोणाचीच नव्हती. माणूस एक आणि खाती दोन, एवढाच दोष.

आता प्रश्न असा की, जोडणी करायची ती कशावरून? नावावरून करावी म्हटले तर आपल्या नावांची कथा काय सांगावी! माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे. कोठे मधले नाव वडिलांचे, कोठे नवऱ्याचे. एका कागदावर नावापुढे ‘बाई’ लावलेले, दुसऱ्यावर नुसते नाव, तिसऱ्यावर इंग्रजी स्पेलिंग भलतेच. शिवाय एकाच नावाच्या दोन बाया एका दवाखान्यात असणे मुळीच दुर्मीळ नाही. नुसत्या नावावरून जोडले तर एकीचा मधुमेह दुसरीच्या पदरात पडायचा. मोबाईल नंबरावरून जोडावे म्हटले तर एका नंबरावर सासूबाई, सासरे, आपण आणि दोन मुले. म्हणून ज्या ठिकाणी काम नीट चालते तेथे एकाच खुणेवर भागवीत नाहीत. दवाखान्याने दिलेला रुग्ण-क्रमांक, जन्मतारीख आणि फोनवर आलेले ओटीपीचे आकडे, या तिन्हींचा मेळ बसला तरच जोडणी होते. मेळ बसला नाही तर वेबसाईटने आपल्या मनाने काही न करता ‘खिडकीवर येऊन भेटा’ असे सांगावे, हेच बरे.

आमच्या शेजारच्या आजींची हकीकत सांगते. त्यांचे यजमान होते तोवर दवाखान्याचे सगळे तेच पाहत. आजींच्या खात्याला जोडलेला फोनही यजमानांचाच. ते वारल्यावर तो फोन कपाटात पडून राहिला. वापर नाही, पैसे भरलेले नाहीत, त्यामुळे कंपनीने नंबर बंद केला. पुढे आजींचा गुडघा फारच दुखू लागला तेव्हा परगावच्या मुलाने आपल्या फोनवरून लॉगिन काढले आणि वेळ ठरवली. त्याला वाटले, काम झाले. आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर पाहिले आणि विचारले, “आजी, तुम्ही येथे प्रथमच आलात काय?” चौदा वर्षे त्या तेथे जात होत्या! पडदा कोरा होता. मुलाच्या लॉगिनने नवे खाते उघडले होते आणि जुने तसेच कुलपात होते. त्या जुन्या खात्यात लाल शाईने लिहिलेले होते की, अमुक इंजेक्शन या बाईंना चालत नाही, अंगावर गांधी उठतात व श्वास कोंडतो. आजींनी पिशवीतून जुनी पिवळी फाईल काढली म्हणून निभावले. ती फाईल घरी राहिली असती तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

खिडकीवरच्या मुलीचे मात्र कौतुक केले पाहिजे. तिने जुना रुग्ण-क्रमांक पाहिला, जन्मसाल विचारले, बंद पडलेला नंबर विचारला आणि आधारकार्ड पाहिले. मग आजींच्या हातातल्या फोनवर आकडे धाडले. मुलगा फोनवरून घाई करीत होता, “मीच सांगतो ना, जोडून टाका.” ती म्हणाली, “आजी स्वतः समोर आहेत, त्यांनाच सांगू द्या.” दहा मिनिटांत दोन खात्यांचे एक झाले. मला त्या मुलीचे बोलणे फार पटले. मुलगा भला आहे, यात शंका नाही. पण उद्या कोणीही फोन करून ‘मी यांचा मुलगा’ म्हणेल, तर कपाट उघडून द्यायचे काय?

बंद पडलेल्या नंबराची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. टेलिफोनची देखरेख करणाऱ्या ट्राय या संस्थेने २०२३ साली सुप्रीम कोर्टात सांगितले की, बंद केलेला नंबर निदान ९० दिवस दुसऱ्या कोणाला देत नाहीत. याचा अर्थ असा की, त्यानंतर देता येतो. मग आपल्या तपासणीचा निरोप आणि ओटीपीचे आकडे कोणा परक्या माणसाच्या फोनवर जायचे. म्हणून नंबर सोडण्यापूर्वी तो जेथे जेथे जोडलेला असेल तेथून काढून घ्यावा. घरात दुःख झालेले असताना हे सुचत नाही, हे मी जाणते. पण तेरावे-चौदावे आटोपल्यावर जसे आपण बँकेत जातो, तसे हेही करावे.

आता जे सांगणार आहे ते थोडे नाजूक आहे. आपल्यापैकी कितीजणींचे खाते नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनला जोडलेले आहे? मनातल्या मनात उत्तर द्या, हात वर करू नका. दवाखान्याचा निरोप त्या फोनवर जातो. कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या दिवशी, कोणती तपासणी, हे सगळे त्यात असते. गर्भाशयाची तपासणी, छातीतल्या गाठीची तपासणी ही आपण तरण्या मुलाच्या किंवा सासऱ्यांच्या फोनवर वाजू द्यावी काय? निरोप घरातल्या पुरुषमाणसाच्या फोनवर जाईल म्हणून तपासणीच पुढे ढकलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एक तर मला म्हणाली, “दिवाळी होऊ दे, मग बघू.” भगिनींनो, दुखणे दिवाळीसाठी थांबत नाही. नवऱ्यापासून काही लपवावे असे मी सांगत नाही. संसारात विश्वास पाहिजेच. पण सांगायचे ते आपल्या तोंडाने सांगावे, यंत्राने परस्पर सांगू नये. आपल्या शरीराचे खाते आपल्या नावाचे असते, मग त्याची किल्लीही आपल्या कमरेला असावी. दुसरी किल्ली विश्वासाच्या माणसाला आपण होऊन द्यावी. पुष्कळ ठिकाणी एका खात्याला दोन लॉगिन जोडता येतात. तशी सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

मग करायचे काय? मला सुचले ते सांगते.

पहिले, दवाखान्याने दिलेला रुग्ण-क्रमांक एका वहीत लिहून ठेवा आणि कोणता मोबाईल त्याला जोडला आहे तेही शेजारी लिहा. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका.

दुसरे, सर्व ठिकाणी नाव आणि जन्मतारीख एकसारखी द्या, आधारकार्डावर असेल तशीच.

तिसरे, आधीचे खाते असताना ‘नवीन रुग्ण’ हे बटण दाबू नका. ‘पूर्वी आलेला रुग्ण’ अशी जागा शोधा. सापडली नाही तर खिडकीवर विचारा.

चौथे, ओटीपीचे आकडे फोनवरून मागणाऱ्या कोणालाही सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो.

पाचवे, आभा नावाचा चौदा आकडी नंबर सरकार देते. २७ सप्टेंबर २०२१ पासून ती योजना सर्व देशात आहे. त्या नंबराला निरनिराळ्या दवाखान्यांतले आपले कागद जोडता येतात आणि ते दुसऱ्याला दाखवायचे तर आपली संमती लागते. तो काढताना आधारकार्डाला जोडलेल्या मोबाईलवर आकडे येतात. तो मोबाईल आज कोणाकडे आहे, हे आधी पाहा.

आणि सहावे, जुन्या कागदांची फाईल टाकून देऊ नका. यंत्र चांगले आहे, पण आजींना त्या दिवशी पिवळ्या फाईलनेच तारले.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्याकडे भजनाला, शिवणाला आणि भिशीला वार ठरलेले आहेत. महिन्यातून एक दुपार यासाठीही ठेवावी. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या लेकीसुनांनी फोन हाताळायला शिकवावे आणि आपण त्यांना जुने कागद कसे जपावेत ते शिकवावे. ज्या बाईच्या नावावर अजून फोन नाही, तिच्यासाठी पुढची संक्रांत येण्यापूर्वी काय करता येईल, तेही त्या दुपारी बोलावे. हळदीकुंकवाला आपण वाण देतो, त्यात एखाद्या वर्षी डबे-वाट्यांऐवजी रुग्ण-क्रमांक लिहायची छोटी वही दिली, तर ती वाया जाणार नाही.