मैदान आणि अध्यापक शिक्षण
(व्याख्यानाचा संपादित अंश)



शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक आहे. शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद मात्र शंभराहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक वर्गांपुरतीच आहे. लहान शाळेत मैदानाची जबाबदारी साहजिकच वर्गशिक्षकावर येते. तिची पूर्वतयारी अध्यापक महाविद्यालयाच्या क्रीडा हंगामात होते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार बी.एड.ची मूळ तुकडी 50 विद्यार्थ्यांची असते. इतक्या छोट्या महाविद्यालयाला मोठ्या संस्थांसमोर पदके मिळणे कठीण. पण तेथे प्रत्येकाला कधी धावपटू, कधी पंच व्हावे लागते. 400 मीटर शर्यतीत दुसऱ्या मार्गिकेची आरंभरेषा 7.04 मीटर पुढे का असते, हे आखणी करताना उमगले, की वर्तुळाचा परीघ शिकविणेही सोपे जाते.

दिल्लीत मैदानी स्पर्धांना सोयीचा हिवाळा हाच प्रदूषणाचाही काळ आहे. हवा बिघडली, की मैदान सोडावे लागते. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये दोनच हंगाम मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने चार वर्षांच्या पदवीधरांसाठी सुचविलेल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात एकच. तो हुकला, तर भावी शिक्षक मैदानाच्या अनुभवाविनाच शाळेत जाईल. म्हणून फेब्रुवारी-मार्चचा हंगाम वेळापत्रकात निश्चित करावा आणि स्पर्धेच्या आयोजनालाही गुण द्यावेत. मनुष्यबळातील ही गुंतवणूक अल्पखर्चाची आहे. तिचा लाभ पुढील प्रत्येक वर्गाला मिळत राहतो.