स्कर्ट घट्ट हवा, पण सुटायलाही हवा

भंडाऱ्यात बसून समुद्राच्या कयाकची गोष्ट? हो ना. गोसीखुर्दच्या पाण्यावर वल्हं मारायला शिकलं की डोळे मालवणकडे लागतातच.

डोंग्यात पाणी आलं तर डब्यानं उपसता येतं. कयाकमध्ये पाय आत आणि लाट अंगावर. कॉकपिट भरलं की बोट डुगडुगते. म्हणून कमरेला स्प्रे स्कर्ट घालायचा, त्याची कड कॉकपिटच्या काठावर, म्हणजे कोमिंगवर, ताणून बसवायची. (किनाऱ्यावर भाड्यानं मिळते ती सिट-ऑन-टॉप असेल तर हे लागतच नाही. पैसे वाचले!)

नायलॉनचा हलका, स्वस्त, उन्हात बरा. पण मांडीवर पाणी साचतं आणि झिरपतं. लाटांसाठी मी तर निओप्रीनच म्हणेन. 'सगळ्यांना बसतो' असल्या साइजवर जाऊ नका. कोमिंगची लांबी-रुंदी टेपनं मोजा, कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. कमरेचं माप वेगळं घ्या.

आता नीट ऐका. बोट उलटली की डोकं खाली, पाण्यात. समोरचा पट्टा, ग्रॅब लूप, पुढे ढकलत वर ओढला की स्कर्ट सुटतो. तो पट्टा आत दुमडून राहिला तर सापडणार कसा? म्हणून दर वेळी तो बाहेर आहे ना, हात लावून बघायचं. आधी कोरड्यावर डोळे मिटून सोडवा, मग छातीभर शांत पाण्यात, जाणता माणूस शेजारी उभा करून. स्वतःच्या हातानं सुटत नसेल, तर कितीही पाणी अडवो, तो स्कर्ट परत करा.

पुढच्या भागात वल्ह्याची लांबी.