आधी लुटुपुटूचं, मग खरं बांधकाम

आमच्या गटाने पापडासाठी खोली बांधली. नकाशा चांगला होता, पैसेही जमले होते. पण स्लॅबच्या दिवशी पाहिलं तर खडीचा ढीग नेमका मिक्सरच्या जागेवर! मिक्सर लांब लावावा लागला. दिवसभर घमेली वाहिली, तरी अंधार पडेपर्यंत पाऊण स्लॅबच झाला. उरलेला सकाळी टाकला. तोवर आधीचा माल आवळला होता, नवा त्याला नीट धरला नाही. त्या सांध्यातून आजही पावसाळ्यात पाणी ठिबकतं आणि आम्ही पापडाचे डबे इकडून तिकडे हलवत बसतो.

नकाशात खोली होती, पण ती बांधायचं काम कसं चालणार हे नव्हतं.

हीच अडचण मोठमोठ्या बांधकामांवरही येते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात विनीत कामत आणि अमीर बेहजादान या अभियंत्यांनी २००५ च्या सुमारास त्यावर काम सुरू केलं. यातले कामत गोवा विद्यापीठातून इंजिनिअर झालेले, म्हणजे आपल्या शेजारचेच.

त्यांनी काय केलं? आधी कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं काम चालवायचं. खोदायला किती वेळ, ट्रक भरायला किती, कोण कुणासाठी खोळंबतं, सगळा हिशोब. याला सिम्युलेशन म्हणतात. पण आकडे सगळ्यांनाच कळत नाहीत. म्हणून डोळ्यांवर चष्म्यासारखा पडदा लावून खऱ्या जागेवर उभं राहायचं. आपण कुठे उभ्या आहोत ते जीपीएस सांगतं, मान कुठे वळली ते दुसरं यंत्र सांगतं. मग मोकळ्या जमिनीवर ट्रक, क्रेन काम करताना दिसतात. खरी जमीन, खोटा ट्रक! याचं नाव ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी.

यात अडचणीही आल्या. खऱ्या भिंतीमागचा खोटा ट्रक झाकला जायला हवा, नाहीतर तो भिंतीवरूनच चाललाय असं वाटतं. त्यावरही त्यांना उपाय शोधावा लागला. आणि एक लक्षात ठेवा, हिशोबात चुकीचा वेळ घातला तर चित्रही चुकीचंच दिसणार.

तुम्ही म्हणाल, ताई, हा चष्मा आपल्याला कोण देणार? चष्मा नसू दे, रीत तर घेता येते. काम सुरू व्हायच्या आधी जागेवर फक्कीने रेघा मारा. खडी इथे, वाळू इथे, मिक्सर इथे, पाण्याची टाकी तिथे. मग रिकामी घमेली घेऊन दोन फेऱ्या खरंच मारा. घड्याळ लावा. फेरीला दोन मिनिटं लागली तर बारा जणी तासाला ३६० घमेली टाकतील. तीन मिनिटं लागली तर २४०च. भरलं घमेलं घेऊन पाय जड पडतात, तेही धरा. स्लॅब एका दिवसात होईल की नाही, ते आदल्या दिवशीच कळेल.

आमच्या गटातल्या एका मावशींना नकाशा वाचता येत नाही. पण त्या जागेवर उभ्या राहिल्या असत्या, तर म्हणाल्या असत्या, "अगं, इथे खडी टाकलीत तर मिक्सर कुठे लावणार?" आम्ही त्यांना कागद दाखवला, जागा दाखवलीच नाही.

पुढच्या बांधकामाला तेवढं नक्की करा.